तवा घासतं कोण

बिडाचा तवा सिंकमध्ये टाकायचा नाही. आमच्या घरात उपासतापास, शकुन-अपशकुन यातलं फारसं कोणी काही पाळत नाही, पण हा नियम मोडायची कोणाची टाप नाही. जेवणं उरकली की ताटंवाट्या आणि कुकरची भांडी नळाखाली जातात, तवा शेगडीवरच राहतो. तो निवला की ज्याने शेवटचं घावन काढलं त्यानेच पुसायचा. मग तो पाहुणा का असेना.

बिडाच्या भांड्यांची निगा कशी राखायची यावर हल्ली ढिगाने माहिती मिळते. तेल कोणतं, तापमान किती, थर किती, मीठ लावून घासायचं की अर्ध्या बटाट्याने, साबण चालतो की नाही. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण हे सांगणाऱ्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जो रांधतो तोच भांडी घासतो. मुंबईत ज्या घरांत असलं महागडं पॅन ऑनलाइन मागवलं जातं, तिथे बहुधा तसं नसतं. रांधणारे हात वेगळे, घासणारे वेगळे, आणि दोघांची गाठ पडली तर दारात, सकाळच्या घाईत, ‘उद्या येणार ना?’ एवढं विचारण्यापुरती. मला तर वाटतं, बिडाचा तवा आपल्या स्वयंपाकघरांतून हद्दपार झाला त्यात नॉनस्टिकचा वाटा कमी आणि या वाटणीचा जास्त.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोन खोल्यांच्या त्या घरात तवे दोन. एक पत्र्याचा, लोखंडी, चपात्या-भाकऱ्यांचा. तो हलका, रोज घासला जायचा, वर्षानुवर्षं ठोके खाऊन मधोमध थोडा खोलगट झालेला. दुसरा बिडाचा, जाडजूड, दोन बाजूंना दोन छोटे कान, आणि त्यावर फक्त घावनं, आंबोळ्या आणि कधीमधी धिरडी. आई कुडाळकडची. चपातीचा तवा कामाला आला नाही तर ती शेजारून मागून आणायची. घावनांचा तवा मात्र तिने कधी कोणाला उसना दिला नाही आणि कोणाचा घेतलाही नाही. तेव्हा मला तो कद्रूपणा वाटायचा.

दोन्ही लोखंडच, मग फरक कसला? पत्र्याचा तवा लाटलेल्या, ठोकलेल्या लोखंडाचा. वाकतो, पण फुटत नाही. बिडाचा तवा ओतलेला. बिडात कर्बाचं प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असतं, सोबत थोडं सिलिकॉन. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, तर कर्ब मिसळल्यावर हेच काम ११५०-१२०० अंशांच्या आसपास होतं, म्हणून ते वाळूच्या साच्यात सहज ओतता येतं. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांतून इंजिनांचे आणि पंपांचे जे भाग निघतात त्यांतले कितीतरी याच जातीच्या धातूचे. वाळूत पातळ भिंतीची भांडी ओतायचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं, आणि चीनमध्ये ओतीव लोखंड त्याच्या दोन हजार वर्षं आधीपासून होतं. आपल्या तव्याचा खडबडीतपणा हा त्या वाळूचाच ठसा. आणि याच कर्बाची दुसरी बाजू अशी, की तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरलेला असतो, त्यामुळे बीड ठिसूळ होतं. ओट्यावरून लादीवर पडलं तर पोचा येत नाही, सरळ दोन तुकडे.

लोक म्हणतात बीड ‘सगळीकडे सारखं’ तापतं. नाही तापत. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम त्याच्या चौपट तरी पुढे आहे. गॅसच्या बर्नरवर बिडाचा तवा ठेवून मिनिटभरात पीठ ओतलंत, तर जिथे ज्योत लागते तिथे गोल करपलेली कडी आणि कडेला कच्चं पीठ, असा प्रकार होतो. बिडाची खुबी दुसरीकडे आहे. एकदा तापलं की ते तापलेलंच राहतं. दहा इंची पॅन दोन-सव्वादोन किलो भरतं, आणि एवढ्या धातूत साठलेली उष्णता पळीभर गार पिठाने हलत नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर तेच पीठ पडलं की तवाच थंडावतो, पीठ शिजायच्या आधी चिकटतं. म्हणून आई मंद आचेवर तवा ठेवून आधी नारळ खवायला बसायची. नारळ खवून होईपर्यंत तवा तयार. घड्याळाचा संबंध नव्हता.

घावनाचं पीठ पळीतून पाण्यागत पडलं पाहिजे. तांदूळ रात्री भिजवून सकाळी गुळगुळीत वाटायचे, मीठ, आणि आपल्याला भीती वाटेल इतकं पाणी. तव्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचे. ते जागच्या जागी चुरचुरून आटले तर तवा अजून कच्चा, आणि गोळ्या होऊन तव्यावर पळत सुटले तर झाला. मग अर्धा कापलेला कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. शेंडीच्या बाबतीत आई हट्टी होती, कांद्याचा वास घावनाला लागतो म्हणायची. पीठ डोशासारखं मधे ओतून पसरायचं नाही. कडेकडेने धार धरत आत यायचं, राहिलेली भोकं शेवटच्या थेंबांनी बुजवायची, की चर्र आवाज होऊन जाळी पडते. झाकण. आता खरी परीक्षा हाताची: उलथणं लगेच घालायचं नाही. पिठातलं पाणी गेलं, तळ धरला, की कडा स्वतःहून उचलल्या जातात. त्याआधी जो घाई करतो त्याच्या हाती चिंध्या येतात आणि दोष तव्याला जातो. पहिलं घावन मात्र कितीही केलं तरी बिघडतंच. ते आमच्याकडे ‘तव्याचं’ म्हणून बाजूला निघायचं आणि ओट्याशी घुटमळणाऱ्या पोराच्या तोंडात जायचं. मी ती हक्काने खाल्ली आहेत, आणि खरं सांगायचं तर नीट उतरलेल्यांपेक्षा ती मला जास्त आवडायची.

आता तो काळा थर. त्याला सीझनिंग म्हणतात. आमच्याकडे ‘तवा तयार झाला’ किंवा ‘तव्याने तेल घेतलं’ म्हणायचे. हा थर म्हणजे जळकट चिकटा नव्हे. तेलाचा अगदी पातळ हात धातूवर तापला, हवेतला प्राणवायू मिळाला, की तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रव राहतच नाहीत. कडक, काळपट, पाण्याला न जुमानणारं आवरण होतं. जुने सुतार लाकडाला जवसाचं तेल पाजायचे त्यामागेही हीच रसायनक्रिया. ज्या तेलात असंपृक्त मेदाम्लं जास्त, ते लवकर असं घट्ट होतं. जवसाचं सगळ्यात लवकर, म्हणून मध्यंतरी सगळे त्याच्या मागे लागले होते. पण त्याचा थर कडक असला तरी ठिसूळ, खपल्या निघतात असा अनेकांचा अनुभव आहे. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेद, ते या कामाला आळशी. शेंगदाणा, सूर्यफूल, सरकी, जे घरात असेल ते चालतं. बिघडतं ते तेलाच्या जातीमुळे क्वचित, मापामुळे नेहमी. जास्त तेल लावलं की वरचा भाग घट्ट होतो, आतला राहतो, आणि बोट लावलं की चिकचिक. तेल लावून झालं की आपण चुकून लावलं असं समजून सगळं पुसून काढायचं. पुसूनही जे राहतं तेवढंच हवं असतं.

दुकानातला नवा तवा असा लगेच कामाला येत नाही. त्यावर ओतकामाची बारीक वाळू, काळी पूड, कधी गंज लागू नये म्हणून चोपडलेलं कसलंतरी तेल असतं. कोकणात आणि खाली कर्नाटक-तमिळनाडूतही तो आधी पेजेत किंवा तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवतात, दोन-तीन दिवस, रोज धुवण बदलत. धुवण आंबतं, किंचित आम्ल होतं, सुटा गंज आणि काळं निघून येतं. मग चांगला घासून, विस्तवावर कोरडा करून, तेल, पुन्हा ताप, पुन्हा तेल, आणि शेवटी भरपूर कांदा टाकून तो काळा होईपर्यंत परतायचा आणि फेकून द्यायचा. ओव्हन असेल तर दोनशे-सव्वादोनशे अंशांवर तासभर, पालथा घालून. पण ओव्हन नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. एवढं सगळं केलं तरी जे तयार होतं तो पाया. खरा तवा पुढे रोजच्या घावनांनी होतो. वर्षातून एकदा हौसेने सहा थर चढवून माळ्यावर ठेवलेल्या पॅनपेक्षा रविवारी-बुधवारी न चुकता वापरलेला साधा तवा मला कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

हे पाहायचं तर माटुंग्याच्या किंवा दादरच्या कुठल्याही उडप्याच्या हॉटेलात डोसे काढणाऱ्यासमोर उभं राहावं. जाड लोखंडी पाट्यावर तो पाण्याचा सपकारा मारतो, छोट्या खराट्याने ते झटकून टाकतो आणि वाफ विरायच्या आत पीठ ओततो. पाण्यामुळे पाट्याचा फाजील ताप उतरतो, म्हणून पीठ पसरेपर्यंत धरून बसत नाही. डोसा निघाला की उलथण्याने खरवडणं, पुन्हा पाणी, पुन्हा खराटा. पावभाजीच्या गाडीवर तर दिवसभर टोमॅटो त्याच लोखंडावर रटरटत असतो. आंबट पदार्थ थराचा शत्रू असं आपण म्हणतो, पण तिथे लोण्याचे लाटे इतके पडतात आणि तवा इतका अखंड चालू असतो की शत्रूला जागाच मिळत नाही. या दोन्ही ठिकाणी मी एक गोष्ट कित्येक वर्षं बघत आले आहे. कपबश्या, ताटल्या विसळायला मागे पोरगा असतो. पाट्याला त्याला हात लावू देत नाहीत. पाटा ज्याचा तोच खरवडतो, तोच पुसतो, तोच रात्री तेलाचा हात फिरवून झाकतो.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींनी मला या विषयातलं जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नाही. एकदा चहा पिताना त्या शेजारच्या विंगमधल्या एका घराची हकीकत सांगायला लागल्या.

‘‘भांड्यांत एक काळं मिच्च पॅन पडलेलं, वहिनी. जड तर इतकं, की मनगट भरून आलं. मी म्हटलं, बाई गं, किती दिवस कोणी घासलंच नाही याला. तारेची घासणी घेतली, पावडर घेतली, आणि बसले. आतून पांढरं केलं तेव्हा उठले.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, त्या ताई रडायच्या बाकी राहिल्या. चार हजाराचं होतं म्हणे. आता मला सांगा, त्यांच्याच घरी कढईच्या बुडाला काळं राहिलं तर मला म्हणतात, मावशी, नीट घासत जा. आणि हे चकचकीत केलं तर हे असं.’’

मी विचारलं, तुमच्या घरी कोणता तवा आहे? त्या हसल्या. ‘‘लोखंडीच की. भाकरीला दुसरा चालतो का? तो मी सुनेलाही घासायला देत नाही.’’

म्हणजे तव्याचं त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या घरात त्यांनी तो घासून पांढरा केला, कारण त्या घरात त्यांची किंमत चकाकीवर ठरत होती. पितळेचं तांब्या-पातेलं चिंचेने लख्ख केलं, स्टीलमध्ये तोंड दिसलं, की काम चांगलं. काळं दिसलं की कामचुकारपणा. सात घरं करणाऱ्या बाईने प्रत्येक घरातलं कुठलं काळं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे ओळखायचं कसं? त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला नाही वाटत सांगून भागलं असतं. तवा हे त्या घरातलं एकमेव भांडं, जे घासताना पुढच्या वेळेला काय रांधायचं आहे ते डोक्यात असावं लागतं. ते ज्याच्या डोक्यात असतं त्यानेच तवा पुसावा, एवढं सोपं आहे हे. मिनिटभराचं काम. पण ‘भांडी मावशी घासतील’ ही सवय हाडीमाशी इतकी मुरलेली असते की आपल्याला हवं म्हणून घेतलेलं पॅनसुद्धा आपण उचलून ढिगात ठेवतो.

साबणाबद्दलही याच जोडीने बोलायला हवं. ‘बिडाला साबण लावायचाच नाही’ हा दंडक कॉस्टिक सोड्याने बनवलेल्या जुन्या, जहाल साबणांच्या काळातला. कॉस्टिकने थर खरोखरच सुटतो. गंजलेलं पॅन मुळापासून साफ करणारे लोक मुद्दाम तेच वापरतात. हल्लीच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ स्पंज यांनी घट्ट झालेल्या थराला काही होत नाही. चुलीच्या राखेतही क्षार असतो, तेलकटपणा तोडतो; आजी सगळी भांडी राखेने घासायची आणि घावनांच्या तव्याला राख लावू द्यायची नाही. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशीचं पहिलं घावन नव्हे तर तिसरंही चिकटलं, तर कालच्या राखेने, हे तिला कळत होतं. थराचे खरे वैरी म्हणजे तारेची घासणी, खरखरीत पावडर, आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं. यातलं तिसरं सगळ्यात वाईट. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतणं चौथं. आजी त्याला अवलक्षण म्हणायची आणि भांडं तडकतं म्हणून आई ओरडायची. ऐकायचं दोघींचंही एकच होतं.

मुंबईत लोखंड टिकवायचं म्हणजे हवेशी भांडण. जुलैत आर्द्रता ऐंशीच्या खाली यायचं नाव घेत नाही, त्यात समुद्राचा खारेपणा. पुण्याची माझी बहीण तवा धुऊन नुसता उभा करून ठेवते आणि काही होत नाही. इथे पावसाळ्यात तसा ठेवला तर सकाळी तांबूस ठिपके. धुतला की पुसून पुरत नाही, पुन्हा शेगडीवर ठेवून वाफ निघून जाईस्तो तापवायचा, आणि गरम असतानाच तेलाचं फडकं. बाहेरच्या बाजूलाही, तिथे सगळे विसरतात. माळ्यावर टाकायचा असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत घातलात तर आत दमट हवा कोंडून तुम्हीच गंज पाळल्यासारखं होईल.

गंज चढला म्हणून मात्र तवा मेला असं समजायचं कारण नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा माझी आत्या कालिन्यात तळमजल्यावर राहायची. छातीइतकं पाणी घरात. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो तेव्हा घरभर गाळ, फ्रीज आडवा, गाद्या फुगलेल्या. मिक्सर, नॉनस्टिक, लाकडी पोळपाट, सगळं भंगारवाल्याकडे गेलं. ओट्याखालच्या चिखलातून बिडाचा तवा निघाला तो विटेच्या रंगाचा. मी तोही भंगारच्या गोणीत टाकत होते. आत्याने गोणीतून काढून घेतला. वायर ब्रशने खरडून, नारळाच्या काथ्याने आणि वाळूने घासून तिने तो करड्या धातूपर्यंत आणला, चटकन विस्तवावर कोरडा केला, तेल पाजलं, आणि पुढचे कित्येक दिवस त्यावर फक्त कांदा-बटाटा परतत राहिली. घराच्या भिंतींचा ओलावा गेला नव्हता, रंग तर नव्हताच. सप्टेंबरात गणपती आले. गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो आमच्याकडे. घावनं त्याच तव्यावर निघाली, थोडी फाटकी, पण निघाली.

लोखंडाच्या भांड्यात शिजवल्याने अन्नात लोह उतरतं का? उतरतं. १९८६ साली अमेरिकेत वीसेक पदार्थांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक पदार्थांत लोह वाढलेलं दिसलं. ओलं, आंबट आणि जास्त वेळ शिजणारं जितकं, तितकं जास्त. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या, तेव्हा कढईतून येणारं थोडंसं लोहही फुकट घालवू नये. पण तवा म्हणजे औषध नव्हे. घावन तव्यावर दोन मिनिटं असतं, त्यात काय उतरणार? उतरतं ते कढईतल्या भाजीत. माठ, शेवगा, मेथी लोखंडी कढईत करावी, ताटात वर लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण त्याने अडतं. ज्यांना थॅलेसेमियासाठी वरचेवर रक्त घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात आधीच लोह साठतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये.

चिंच-आमसुलाचं मात्र बिडात काही शिजवायचं नाही. थर जातो, पदार्थाला कळकट धातूची चव येते. केळफूल, कच्चं केळं, वांगं यांतल्या तुरट द्रव्यांची लोखंडाशी गाठ पडली की भाजी शाईसारखी काळी पडते, आणि ती खरोखरच जुन्या शाईची कृती आहे. खाऊन अपाय नाही, पण पानात वाढल्यावर कोणी हात लावत नाही. झालेली भाजी कढईतच ठेवून झोपायचं नाही. आमचे हे अजूनही ठेवतात.

नॉनस्टिकवर मी खार खाऊन नाही. टेफ्लॉन म्हणजे १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलेला पदार्थ, आणि ऑम्लेटसाठी आमच्याकडेही एक छोटं पॅन आहे. साधारण २६० अंशांच्या पुढे तो बिघडायला लागतो, त्यामुळे मोठ्या आचेवर रिकामा ठेवून विसरायचा नाही, आणि ओरखडे पडले की टाकून द्यायचा. बिडाच्या पॅनची पूजा मांडणाऱ्यांचा मला त्याहून कंटाळा येतो. पॅन कसं आरशासारखं झालंय याचे फोटो, त्यावर अंडं सरकवून दाखवणं. अंडं सरकतं ते थोडंफार लोण्यामुळे, हे कोणी सांगत नाही. आणि वजनाचं काय? आईची मनगटं आता संधिवाताने धरतात, तिला तवा उचलवत नाही. तिच्यासाठी मी तो मागच्या बर्नरवर कायमचा ठेवून दिला आहे. त्या बर्नरवर दुसरं काही चढत नाही, आणि तिला तो उचलावाही लागत नाही.

परवा भाचीसाठी नवा तवा आणायला माटुंग्याला गेले. ती पवईत तिघींबरोबर भाड्याने राहते, गॅस नाही, इंडक्शन आहे. इंडक्शनला बीड छान चालतं, फक्त बूड अगदी सपाट हवं आणि आच हळूहळू वाढवायची, पहिल्या मिनिटाला एकदम शेवटच्या आकड्यावर न्यायची नाही. दुकानदाराने तीन तवे समोर टाकले. मी एकेक कानाला धरून उलथण्याच्या दांड्याने वाजवला. अखंड बीड खणखणतं. कुठे बारीक चीर असेल तर आवाज बद्द येतो, डोळ्यांना दिसो न दिसो. दोन वाजले, एक बद्द निघाला. दुकानदाराने काही न बोलता तो मागे सरकवला. उरलेल्यांतला ज्याच्या पोटात खड्डे कमी तो वजनावर घेतला.

माटुंगा रोडहून स्लो पकडली. लेडीज डब्यात पिशवी मांडीवर, त्यातून तव्याचा कान बाहेर. समोरच्या बाईने माहीमपासून त्याच्याकडे बघायला सुरुवात केली होती. वांद्र्याला तिच्याने राहवलं नाही.

‘‘बिडाचा ना? कितीला दिला?’’

सांगितलं. तिच्या सासूचा एक आहे, माळ्यावर पडलाय, पार लाल झालाय, आता काही उपयोग नसेल ना त्याचा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तडकला नाही ना? मग आहे उपयोग. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, अर्धा तास, रात्रभर ठेवायचं नाही, नाहीतर आम्ल गंजानंतर तवाच खायला लागतं. मग घासायचा, लगेच विस्तवावर वाळवायचा, पाण्याचा थेंब राहता कामा नये. खिडकीजवळची कॉलेजची मुलगी कानातलं एक बोंडूक काढून ऐकत होती. शेजारच्या आजींनी मधेच सांगून टाकलं की व्हिनेगर कशाला, ताक चालतं. चालतही असेल, ताकही आंबटच.

अंधेरी आली. गर्दीतून वाट काढत ती बाई दरवाजाशी पोचली, उतरली, आणि प्लॅटफॉर्मवरून खिडकीशी परत आली.

‘‘अहो, आणि तेल कुठलं लावू?’’

गाडी हलली होती. ‘‘घरात असेल ते!’’ मी ओरडले. ‘‘पण कमी लावा!’’